छोट्या बॅटरीची गाडी आणि लांबचा पल्ला

एका चार्जमध्ये दीडशे-दोनशे किलोमीटर जाणाऱ्या विजेच्या गाडीतून सहाशे किलोमीटरचा प्रवास होतो, आणि रडतखडत नव्हे, नीट होतो. त्यासाठी एक समज मात्र आधी सोडावा लागतो, तो म्हणजे सगळं बॅटरीच्या आकारावर ठरतं हा. प्रत्यक्षात दोन गोष्टी बघायच्या: गाडी चार्जरवर किती वेगाने वीज घेते आणि वाटेतल्या दोन भरवशाच्या चार्जरमध्ये अंतर किती आहे. २८ युनिटची पण झटपट चार्ज होणारी गाडी लांबच्या प्रवासाला ४० युनिटच्या, पण फास्ट चार्जिंगची सोयच नसलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. (युनिट म्हणजे किलोवॉट-तास, वीजबिलातलंच.) पुढे हिशेबासाठी हीच २८ वापरण्याजोग्या युनिटांची गाडी धरली आहे, आपल्या गाडीचे आकडे घालून गणित पुन्हा करा.

आपल्या गाडीचा खरा आकडा काढा

कंपनीने छापलेली रेंज नियोजनाच्या कामाची नाही. डब्ल्यूएलटीपी या रेंज ठरवायच्या प्रमाणित चाचणीत गाडीचा सरासरी वेग ताशी ४७ किलोमीटरच्याही आत असतो. महामार्गावर तो आकडा येणार नाही, आणि त्यात गाडीचा काही दोष नाही.

दोन आकडे स्वतः मोजायचे. पहिला म्हणजे बॅटरीत आज खरोखर किती युनिट मावतात. गाडी १०० टक्के भरा, ट्रिप मीटर शून्य करा, २० टक्क्यांपर्यंत चालवा. मीटरवर जितके युनिट खर्च दिसतील त्यांना ०.८ ने भागा. नव्या गाडीपेक्षा हा आकडा कमी आला तर गांगरू नका, पण नियोजन त्याच आकड्यावर करा. सहा-सात वर्षं वापरलेल्या गाडीत कागदावरची क्षमता धरून निघणं ही फसण्याची सगळ्यात सोपी वाट आहे.

दुसरा आकडा म्हणजे ठरावीक वेगाला किलोमीटरमागे किती वॉट-तास लागतात (एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास). सपाट रस्ता निवडा, क्रूझ कंट्रोल ८० वर लावून वीस मिनिटं जा, त्याच रस्त्याने त्याच वेगात परत या आणि सरासरी घ्या. जाऊन-येऊन मोजलं की चढ-उतार आणि वारा बऱ्यापैकी वजा होतात. मग हेच १०० आणि १२० ला करा. डॅशबोर्ड ‘किलोमीटर प्रति युनिट’ दाखवत असेल तर १००० ला त्या आकड्याने भागा. ७ किलोमीटर प्रति युनिट म्हणजे किलोमीटरला साधारण १४३ वॉट-तास.

उदाहरणातल्या गाडीला ८० च्या वेगात १२०, १०० ला १४५ आणि १२० ला १९० वॉट-तास लागतात असं धरू. १ टक्का म्हणजे २८० वॉट-तास. म्हणजे १०० च्या वेगात एका टक्क्यात दोन किलोमीटरला थोडं कमी, आणि १२० ला जेमतेम दीड. हा ‘टक्क्याला किती किलोमीटर’ आकडा तोंडपाठ असू द्या. डॅशबोर्डवरची उरलेली रेंज मागच्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून काढलेली असते. शहरातून हळूहळू बाहेर पडलात तर ती फुगलेली दिसते आणि महामार्गावर वीस मिनिटांत तोंडचं पाणी पळवते. टक्के मात्र अशी दिशाभूल करत नाहीत.

वेग किती ठेवायचा

‘हळू चालवा, रेंज वाढेल’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे हळू गेल्याने वीज नक्की वाचते. पण आपल्याला वाचवायचा असतो वेळ, आणि वेळेत चार्जरवरची मिनिटंही धरायची असतात. १०० किलोमीटरसाठी चालवण्याचा वेळ आणि तेवढी वीज परत भरायचा वेळ यांची बेरीज करून पाहा.

चार्जर सरासरी ३५ किलोवॉट देत असेल तर: ८० च्या वेगात ७५ अधिक २१, म्हणजे ९६ मिनिटं. १०० ला ६० अधिक २५, म्हणजे ८५. १२० ला ५० अधिक ३३, म्हणजे ८३.

सरासरी २० किलोवॉट मिळत असेल तर: ८० ला १११ मिनिटं, १०० ला सुमारे १०४, १२० ला १०७.

फक्त ७ किलोवॉटचं एसी, म्हणजे संथ चार्जिंग असेल तर: ८० ला १७८, १०० ला १८४, १२० ला २१३.

म्हणजे चांगला डीसी (फास्ट) चार्जर असला तरी १०० वरून १२० वर जाऊन शंभर किलोमीटरमागे दोन मिनिटं हाती लागतात आणि बॅटरी तीसेक टक्के लवकर संपते. मध्यम चार्जरवर तर १२० ने उशीरच होतो. अशा गाडीला महामार्गावर ९५ ते १०५ चा पट्टा मानवतो. याला अपवाद एकच. पुढचा चार्जर इतका दूर आहे की या वेगात पोचणं कठीण, किंवा मधला एक थांबा हळू गेल्याने पूर्ण टळतो, तर ८० वर या. कारण प्रत्येक थांब्याला महामार्ग सोडणं, जागा शोधणं, अ‍ॅपशी झटापट आणि परत रस्त्याला लागणं यात दहाएक मिनिटं जातातच, गाडी एक युनिट घेवो की वीस.

थांबे कसे बांधायचे

पहिला टप्पा सगळ्यात लांब, कारण घरून १०० टक्के भरून निघता. १० टक्क्यांवर पोचायचं धरलं तर १०० च्या वेगात १७० किलोमीटर होतात. त्यानंतरचे टप्पे ८० ते १० टक्के, म्हणजे सुमारे १३५ किलोमीटरचे. तीन थांब्यांत कागदावर ५७५ किलोमीटर होतात, सहाशेला ते थोडक्यात कमी पडतात. शिवाय चार्जर आपल्या गणिताप्रमाणे उभे नसतात, म्हणून मनात चार धरून चाला.

८० टक्क्यांचा उल्लेख सारखा येतो त्याचं कारण असं. लिथियम-आयन बॅटरीचं व्होल्टेज भरत जाताना वर चढतं. कमाल मर्यादा जवळ आली की चार्जिंग यंत्रणेला प्रवाह कमी करत न्यावा लागतो. त्यामुळे शेवटच्या २० टक्क्यांना अनेक गाड्यांत आधीच्या ७० टक्क्यांइतका वेळ लागतो. ४० किलोवॉटने सुरू झालेलं चार्जिंग ९० टक्क्यांना १० किलोवॉटवर घुटमळत असेल तर तिथे बसून राहणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. पण हा नियम डोळे मिटून पाळू नका. पुढचा चार्जर १५० किलोमीटरवर असेल तर ९० टक्के भरावेच लागतील, आणि ती वीस मिनिटं मुकाट्याने द्यावीत. जेवणाचा थांबा अशा ठिकाणी ठेवला की ती जाणवत नाहीत.

थांबे ठरवताना प्रत्येक चार्जरसाठी पर्याय लिहून ठेवा: हा बंद निघाला तर कुठे? शक्यतो पर्यायी चार्जर पुढे वीस किलोमीटरच्या आत असावा. नसेल तर मुख्य चार्जरवर पोचताना १० ऐवजी २० टक्के हातचे ठेवा. एकाच गनच्या (गाडीत खोचायच्या चार्जिंगच्या जोडणीच्या) ठिकाणावर अख्ख्या दिवसाचं वेळापत्रक टांगू नका. चार गनचं ठिकाण दहा किलोमीटर आडबाजूला असलं तरी तेच निवडावं.

ए बेटर रूट प्लॅनरसारखं अ‍ॅप गाडीचं मॉडेल, वेग, तापमान, चढ-उतार धरून थांबे काढून देतं. त्यात आपण मोजलेला वॉट-तासांचा आकडा आणि बॅटरीची झीज घातली तरच उत्तर कामाचं येतं. प्लगशेअर या चार्जर शोधायच्या अ‍ॅपवर चार्जर ‘चालू’ दिसणं पुरेसं नाही. शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी आणि कुठल्या गाडीने केलं ते वाचा. तीन आठवड्यांपूर्वीची नोंद ही नोंद नसल्यातच जमा.

वाटेतल्या प्रत्येक कंपनीचं अ‍ॅप घरीच उतरवून, खातं पडताळून, वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवा. तळघरातल्या पार्किंगमध्ये मोबाइलला रेंज नसते आणि ओटीपी तिथेच हवा असतो.

चार्जरवरचा आकडा आणि गाडीत जाणारा आकडा

५० किलोवॉटच्या डीसी चार्जरवर गाडी ४३ च दाखवते, म्हणून चार्जरला बोल लावू नका. अशा बऱ्याच चार्जरची प्रवाहाची मर्यादा १२५ अँपिअर असते आणि छोट्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज ३५० च्या आसपास. दोन्हींचा गुणाकार ४४ किलोवॉटही होत नाही. त्यातून गाडीची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असेल तर १५० किलोवॉटचा चार्जरही काही जास्त देणार नाही. उलट, दोन गनमध्ये वीज वाटून देणाऱ्या चार्जरच्या खांबावर शेजारी गाडी लागली की आपला वेग अर्धा होतो. शेजारचा खांब रिकामा असेल तर तिथे लावा.

एसी चार्जिंगची गंमत वेगळी आहे. एसी खांब फक्त वीज पुरवतो, तिचं डीसीत रूपांतर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. तो ३.३ किलोवॉटचा असेल तर २२ किलोवॉटच्या खांबावरही ३.३ च मिळणार. तो सिंगल फेज ७.४ किलोवॉटचा असेल तर ११ किलोवॉटच्या खांबावर ३.७ च मिळतात, कारण तो खांब तीन फेजांवर प्रत्येकी १६ अँपिअर देतो आणि आपली गाडी त्यातला एकच फेज वापरते. २२ च्या खांबावर मात्र फेजला ३२ अँपिअर असल्याने पूर्ण ७.४ मिळतात. मुक्कामाची जागा निवडताना हा फरक रात्रीच्या चार्जिंगचा वेळ दुप्पट करू शकतो.

गाडी जुनी घेत असाल तर सॉकेट नीट बघा. २०१९ पर्यंतच्या रेनो झोईला डीसी चार्जिंग नव्हतंच, तिचा सगळा भर वेगवान एसीवर होता. निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांना डीसीसाठी चाडेमो या प्रकारचं सॉकेट आहे, आणि सीसीएस या दुसऱ्या प्रकारच्या गनांपुढे चाडेमोच्या गना आता अनेक ठिकाणी कमी होत चालल्या आहेत. अ‍ॅपमध्ये कनेक्टरचा फिल्टर लावूनच नकाशा उघडा.

चार्जिंग सुरूच होत नसेल तर क्रमाने जा. गाडी बंद करा, पार्कमध्ये आहे ना ते पाहा, वेळापत्रकानुसार चार्जिंगची सोय सुरू राहिली असेल तर बंद करा. रात्रीच्या वेळेवर लावलेली गाडी दुपारी चार्ज का होत नाही म्हणून डोकं खाजवणारे कमी नाहीत. गन काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा. डीसीची केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली झुकते आणि आतल्या बारीक पिना नीट टेकत नाहीत. म्हणून गन हाताने वर उचलून धरा, आत दाबा, आणि लॉक होईपर्यंत तशीच ठेवा. ‘संपर्क तुटला’ प्रकारातल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. तरी नाही झालं तर ग्राहक सेवेला फोन करून खांब दुरून रीस्टार्ट करायला सांगा. दोनदा रीस्टार्ट होऊनही जमलं नाही तर पर्यायी चार्जरकडे निघा. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात वेळ जातो आणि गाडीतला एअर कंडिशनर चालू असेल तर वीजही.

गन अडकून बसली तर आधी चार्जिंगचं सत्र स्क्रीनवरून किंवा अ‍ॅपवरून थांबवा, मग गाडी लॉक करून पुन्हा अनलॉक करा आणि गन किंचित आत ढकलून ओढा. बऱ्याच गाड्यांत सॉकेटमागे हाताने सोडवायची दोरी किंवा तार असते. ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये घरीच पाहून ठेवा. खांबावरचं लाल बटण सत्र संपवायला नाही, आग किंवा धोक्यासाठी आहे. ते दाबलं की अनेकदा खांब तंत्रज्ञ येईपर्यंत बंद पडतो.

बॅटरी तापली, बॅटरी गारठली

दिवसातलं पहिलं फास्ट चार्जिंग झकास होतं आणि तिसरं रेंगाळतं, असा अनुभव छोट्या गाड्यांत वरचेवर येतो. चार्ज करताना बॅटरीत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, वर वेगात चालवणं तिला गार होऊ देत नाही. द्रवाने गार होणाऱ्या बॅटरीला हे झेपतं. लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांसारख्या, पंप-पंखा नसलेल्या बॅटरीला झेपत नाही आणि संगणक प्रवाह निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणतो. हे बिघाडाचं लक्षण नाही, बॅटरी वाचवायचा उपाय आहे.

यावर इलाज असा की दोन चार्जिंगमध्ये वेग ९० च्या आत ठेवा, ८० च्या पुढे भरत बसू नका, आणि थांबताना गाडी सावलीत उभी करा. बॅटरीचं तापमान दिसत नसेल तर ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून मोबाइलला माहिती देणारं छोटं यंत्र) घ्या; लीफसाठी लीफ स्पाय हे अ‍ॅप तापमान आणि क्षमता दोन्ही दाखवतं. तापमापक आधीच वर चढलेला असेल तर लांब थांबा आत्ता घ्या, पुढच्या चार्जरवर ढकलू नका.

थंडीत उलटं. शून्याखाली बॅटरीत जोरात वीज ढकलली तर लिथियम आत न मुरता वर थर धरतं, म्हणून गाडी प्रवाह अगदी कमी घेते किंवा घेतच नाही. सकाळी गारठलेल्या गाडीने थेट डीसी चार्जर गाठण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी, बॅटरी चालून ऊबदार असताना भरून घ्या. चार्जरकडे जाताना बॅटरी तापवायची सोय गाडीत असेल तर नेव्हिगेशनमध्ये तो चार्जर मुक्काम म्हणून टाका, बऱ्याच गाड्यांत ती सोय तेव्हाच जागी होते.

हीटरचा खर्च वेळेच्या हिशेबाने होतो, अंतराच्या नाही. साधा हीटर २ किलोवॉट खात असेल तर १०० च्या वेगात किलोमीटरला २० वॉट-तास जातात, ५० च्या वेगात ४०. थंडीत गर्दीत अडकलं की टक्के उतरतात ते यामुळे. सीट गरम करण्याला शंभर वॉटसुद्धा लागत नाहीत. ती चालू ठेवून हवेचं तापमान दोन-तीन अंश खाली ठेवा. निघण्यापूर्वी गाडी प्लगला लावलेली असतानाच आतून गरम किंवा गार करून घ्या.

घाट, वारा, पाऊस, सामान

माणसांसह १६०० किलोची गाडी १००० मीटर वर चढवायला निव्वळ ४.४ युनिट लागतात, मोटरमधला तोटा धरून ५. आपल्या गाडीत हे १८ टक्के झाले, आणि तेही अंतराच्या नेहमीच्या खर्चावर वेगळे. उतरताना त्यातले साधारण निम्मे ते साठ टक्के परत येतात. म्हणून घाटाचा टप्पा किलोमीटरमध्ये मोजू नका, माथ्याची उंची पाहा. आणि माथ्यावर मुक्काम असेल तर तिथे १०० टक्के भरू नका: भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज शिरायला जागा नसते, रीजनरेशन (मोटरने वेग रोखत वीज परत बनवणं) बंद होतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ८५ टक्के पुष्कळ झाले.

ताशी २० किलोमीटरचा समोरचा वारा ९० च्या वेगात हवेचा अवरोध जवळजवळ दीडपट करतो. वाऱ्याची दिशा हवामानाच्या अ‍ॅपवर पाहायला मिनिट लागतं, पण फारसं कोणी पाहत नाही. पाणी साचलेल्या रस्त्यावरही खर्च वाढतो. टपावरचा कॅरियर रिकामा असला तरी काढून ठेवा. सामान न्यायचंच असेल तर मागे बसणारा कॅरियर बरा. टायरची हवा निघायच्या सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याला भरा. तापमान दहा अंशांनी उतरलं की हवा साधारण दीड ते दोन पीएसआयने कमी दाखवते.

मुक्कामी साध्या सॉकेटवर

२३० व्होल्टच्या १० अँपिअर सॉकेटवर दहा तासांत २३ युनिट ओढले जातात, तोटा वजा जाता बॅटरीत २० पोचतात. म्हणजे रात्रीत ७० टक्के, फुकटातली एक फास्ट चार्जिंगची फेरी. फक्त ही सॉकेटं तासन्‌तास पूर्ण भार वाहण्यासाठी बसवलेली नसतात. जुनी वायरिंग दिसली तर चार्जर ८ अँपिअरवर आणा. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा.

एक्स्टेंशन लागलंच तर ते अर्थिंगसह, अडीच चौरस मिलिमीटर तारेचं हवं, आणि रीळ पूर्ण उलगडलेलं. गुंडाळलेलं रीळ आतल्या आत तापून वितळतं. पोर्टेबल चार्जर लाल दिवा लावून अर्थिंग नसल्याचं सांगत असेल तर दुसरं सॉकेट शोधा. अर्थिंगची खोटी पिन लावून त्याला फसवायचे उपाय फिरत असतात. त्यात गाडीचा पत्राच हाताला झटका देऊ शकतो. जनरेटरवरही हाच दिवा लागतो, कारण त्याचा न्यूट्रल बहुधा जमिनीला जोडलेला नसतो.

टक्के कमी पडताहेत असं दिसलं तर

निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरने पहिला हिशेब करा: टक्के आणि उरलेलं अंतर, ठरलं होतं तसं आहे का? तेव्हाच ५ टक्क्यांचा फरक दिसला तर वेग लगेच १५ ने कमी करा. ४० टक्के असताना १०० वरून ८५ वर आलात तर दहाएक किलोमीटर सहज वाढतात; ६ टक्के असताना तेच केलं तर दोन. ट्रकच्या मागे चिकटून हवा वाचवायच्या फंदात पडू नका, सुरक्षित अंतर ठेवून मिळणारा फायदा थोडा आणि चिकटून गेल्यावरचा धोका भलताच मोठा.

५ टक्क्यांखाली आकड्यांवर विश्वास नको, जुन्या बॅटरीत ते उड्या मारत उतरतात. गाडीने कासवाचं चिन्ह दाखवून ताकद कमी केली की डावी-उजवी जी बाजू सुरक्षित असेल तिकडे, रस्त्याबाहेर, गाडी हलतेय तोवरच घ्या. पूर्ण थांबल्यावर १२ व्होल्टची बॅटरी मुख्य बॅटरीकडून भरली जात नाही. धोक्याचे दिवे लागणारच, पण पंखा, गाणी, मोबाइल चार्जिंग बंद करा, नाहीतर १२ व्होल्टही बसली की गाडी न्यूट्रलमध्ये टाकणं आणि चार्जिंग सुरू करणं दोन्ही अडतं. टोइंगवाल्याला पहिल्याच वाक्यात सांगा की गाडी इलेक्ट्रिक आहे आणि फ्लॅटबेडच हवा. मोटरला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरवत ओढली तर मोटर वीज तयार करू लागते आणि इन्व्हर्टर जळू शकतो. टो हूक डिकीतल्या हत्यारांच्या कप्प्यात असतो, बंपरवरच्या छोट्या झाकणामागे आटे असतात. तो तिथे पूर्ण पिळून बसवा, आणि गाडी फ्लॅटबेडवर चढेपर्यंतच त्याचा उपयोग करा.